एका स्क्रूवर उघडणारी रायफल: मार्लिन १८९४ची साफसफाई, तपासणी आणि पुन्हा जोडणी

लिव्हर-अ‍ॅक्शन (चापाखालचा दांडा, म्हणजे लिव्हर, खाली-वर करून काडतूस भरायची) रायफल उघडायला अवघड, म्हणून ती न उघडता वापरायची, हा समज फार पसरलेला आहे. विंचेस्टरच्या जुन्या मॉडेलांपुरता त्यात थोडा अर्थ आहे. मार्लिन १८९४ मात्र एक स्क्रू काढला की उघडते. लिव्हर हातात येते, बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा सरकता तुकडा) मागून सरळ बाहेर येतो आणि नळी मागच्या बाजूने आरपार दिसते. वर्षानुवर्षे कुणी तो स्क्रू काढतच नाही, आणि मग आत साचलेली काजळी, सुकलेलं तेल आणि कॅरियरवर (काडतूस वर उचलणाऱ्या भागावर) पडत गेलेली झीज एके दिवशी 'रायफल बिघडली' या नावाने समोर येते.

इथे .३५७ मॅग्नम आणि .४४ मॅग्नम या दोन काडतुसांची मार्लिन १८९४ धरली आहे. .४५ कोल्टच्या रायफलीलाही हीच पद्धत लागू पडते. मार्लिन ३३६चा बोल्ट गोल आणि १८९४चा चौकोनी असला, तरी उघडण्याचा क्रम तोच.

आधी नावाचा घोळ निस्तरू. मार्लिन १८९४ आणि विंचेस्टर १८९४ या एकाच सालाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दोन अगदी वेगळ्या रायफली आहेत. विंचेस्टरची रचना जॉन ब्राउनिंगची. तिची रिकामी काडतुसं वरून बाहेर पडतात. मार्लिनची रचना एल. एल. हेपबर्नची. तिचा माथा बंद आणि काडतूस उजव्या कुशीतून बाहेर. नुसतं '१८९४चा इजेक्टर' (रिकामं काडतूस बाहेर फेकणारी पट्टी) म्हणून सुटा भाग मागवला तर भलताच भाग घरी येतो. मार्लिनमध्येही पिढ्या आहेत. .४४ मॅग्नममध्ये ही रायफल १९६९ साली नव्याने आली. नॉर्थ हेवन, कनेटिकट इथल्या जुन्या कारखान्यातल्या नळीवर रिसीव्हरजवळ (बोल्ट ज्यात सरकतो त्या मधल्या धातूच्या सांगाड्याजवळ) 'जेएम' असा छोटा ठसा असतो. नंतर कंपनी रेमिंग्टनकडे गेली आणि २०२०मध्ये रुगरने ती घेतली. या तीन काळांतले सुटे भाग एकमेकांत सरसकट बसत नाहीत, त्यामुळे मागवण्याआधी रायफल कोणत्या काळातली ते पाहा. १९७३ ते १९९९मधल्या मार्लिनच्या क्रमांकाचे पहिले दोन आकडे १००मधून वजा केले की साल मिळतं: २५ने सुरू होणारी रायफल १९७५ची.

कायद्याबद्दल दोन गोष्टी. अमेरिकेत एच-१बीसारख्या बिगर-स्थलांतरित व्हिसावर राहणाऱ्यांना शस्त्र किंवा दारूगोळा बाळगायला संघीय कायद्याने मनाई आहे. वैध शिकार परवाना हा त्यातला एक अपवाद. मित्राच्या रायफलीची 'फक्त साफसफाई' करायला ती घरी आणणंही बाळगण्यातच मोडू शकतं, म्हणून ग्रीन कार्ड येईपर्यंत हा विषय हलका घेऊ नका. भारतात शस्त्र कायदा, १९५९च्या कलम ५ मध्ये शस्त्र बनवण्या-विकण्याबरोबर ते बदलणं आणि दुरुस्त करणंही परवान्याखाली येतं. तेव्हा तिथल्या परवानाधारकाने साफसफाई आणि तेलपाणी घरी करावं, दुरुस्ती परवानाधारक कारागिराकडेच द्यावी.

रिकामी आहे, हे दोनदा पाहा

नळीखालच्या मॅगझिनमध्ये काडतूस अडकून राहू शकतं, आणि या रायफलीचा मुख्य धोका हाच आहे. बाहेरून काही दिसत नाही. लिव्हर पाच-सहा वेळा मारली, काही बाहेर आलं नाही, म्हणजे रिकामी, असं धरून चालू नका. मॅगझिनची स्प्रिंग गंजली किंवा फॉलोअर (स्प्रिंगच्या टोकाचा, काडतुसं ढकलणारा तुकडा) तिरका झाला तर एखादं काडतूस नळकांड्यात मध्येच थांबतं आणि घरी नेताना गाडीच्या हादऱ्यांनी सुटतं.

नळीचं तोंड सुरक्षित दिशेला, बोट चापाच्या बाहेर. लिव्हर पूर्ण उघडून बंद करा, पुन्हा उघडा. उघड्या रिसीव्हरमधून टॉर्चने चेंबर (काडतूस बसतं तो नळीचा मागचा भाग) पाहा आणि करंगळी आत घालून खात्री करा. मग उजव्या बाजूचं लोडिंग गेट अंगठ्याने दाबून मॅगझिनच्या तोंडाशी फॉलोअर दिसतो का पाहा. फॉलोअर दिसला तरच मॅगझिन रिकामं. काडतुसाची पितळी कड दिसली तर लिव्हर पुन्हा मारा. काहीच स्पष्ट दिसत नसेल तर पुढचं वाचायचं थांबवा आणि आधी ते सोडवा. सगळी काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा, टेबलावर एकही नको.

काय काय लागतं

सगळ्यात महत्त्वाचा आहे स्क्रूड्रायव्हर. हार्डवेअरच्या दुकानातल्या साध्या स्क्रूड्रायव्हरचं पातं टोकाकडे निमुळतं होत जातं. रायफलीच्या स्क्रूची खाच सरळ उभ्या भिंतींची आणि अरुंद असते. निमुळतं पातं तिच्यात फक्त वरच्या कडेला टेकतं, जोर दिला की वर सटकतं, खाचेची कड फाटते आणि रिसीव्हरच्या काळ्या झिलईवर पांढरा ओरखडा उठतो. तो ओरखडा आयुष्यभर राहतो. बंदुकांसाठीचे समांतर पात्याचे बिट मिळतात. खाचेच्या रुंदीला आणि लांबीला तंतोतंत बसणारा बिट निवडा, इतका की स्क्रूवर ठेवून हात काढला तरी तो डगमगता कामा नये.

बाकीच्या वस्तू साध्या आहेत. एकसंध, आवरण चढवलेला गज. .३५७साठी .३८/.३५७चा कांस्य ब्रश, .४४साठी .४४चा. चेंबरसाठी एक मोठा ब्रश: .३५७ला .४०चा, .४४ला .४५चा. सुती चिंध्या, सॉल्व्हंट, हलकं तेल, थोडं ग्रीस, जुना टूथब्रश, दातकोरण्या, टॉर्च आणि निळं थ्रेडलॉकर. ब्रशला गुंडाळायला शुद्ध तांब्याच्या तारेची घासणी. बाजारातल्या बऱ्याच 'तांब्याच्या' घासण्या लोखंडी तारेवर तांब्याचा मुलामा दिलेल्या असतात. चुंबक लावून पाहा, चिकटली तर ती नळीत घालायची नाही.

जेवणाच्या टेबलावर हे काम करू नका. गोळीचं शिसं आणि काडतुसाच्या टोप्यांमधलं (बुडाच्या, ठोका बसताच पेटणाऱ्या भागातलं) शिशाचं अवशेष चिंध्यांवर, बोटांवर आणि टेबलावर उतरतं. लहान मुलांच्या घरात तर गॅरेज किंवा गच्चीच बरी. हातात नायट्राइल मोजे घाला आणि काम झाल्यावर हात थंड पाण्याने साबण लावून धुवा.

उघडणं

घोडा पूर्ण चढवा. लिव्हर साधारण अर्धी उघडा. रिसीव्हरच्या खालच्या कडेला, लिव्हर जिथे बिजागरीसारखी फिरते, तिथला स्क्रू हाच तो एक स्क्रू. बिट नीट बसवा, वरून जोर देऊन दाबून धरा आणि मग फिरवा. आधी दाब, मग पीळ, हा क्रम उलटला तर खाच बिघडते. स्क्रू हलत नसेल तर भेदक तेलाचा एक थेंब टाकून रात्रभर ठेवा. हातोडी नको.

स्क्रू निघाला की लिव्हर खाली ओढून काढा. थोडी हलवावी लागते, तिचं टोक बोल्टच्या खाचेतून सुटायला हवं. मग बोल्ट सरळ मागे ओढा. तो अडखळत असेल तर घोडा खरोखर पूर्ण चढलेला आहे का पाहा. बोल्ट बाहेर येताच रिसीव्हरच्या डाव्या आतल्या भिंतीला एक चपटी पट्टी दिसेल. तो इजेक्टर. त्याची छोटी खुंटी भिंतीतल्या छिद्रात बसलेली असते आणि बोल्ट काढल्यावर तिला धरून ठेवणारं काही उरत नाही. बोटाने उचलून लगेच एका वाटीत ठेवा. लिव्हरचा स्क्रू, इजेक्टर, बोल्ट आणि लिव्हर. रोजच्या साफसफाईसाठी एवढेच चार भाग सुटे करायचे.

चाप हातात सैल लोंबतो असं वाटून बरेच जण घाबरतात. जुन्या मार्लिनचा चाप आणि त्याची सीअर (चढवलेला घोडा अडवून धरणारा तुकडा) दोन वेगळ्या तुकड्यांत असतात, म्हणून चाप पुढे-मागे ढिला हलतो. तो दोष नाही.

नळी

मार्लिनचा मोठा फायदा इथे आहे. नळी चेंबरच्या बाजूने साफ होते, गज नळीच्या तोंडाला लागत नाही. विंचेस्टर ९२ किंवा ९४ला आणि ब्राझीलच्या रॉसी ९२ला बोल्ट काढायला पुष्कळ काही खोलावं लागतं. तिथे तोंडाकडून गज घालायचा असेल तर पितळी गाइड वापरावा, नाहीतर दोरीचा पुल-थ्रू बरा. नळीच्या तोंडाची आतली कड एका बाजूने झिजली की नेमबाजी बिघडते, आणि ती झीज बहुतेक वेळा गजानेच होते.

रायफल अशी ठेवा की तोंड थोडं खाली राहील, म्हणजे सॉल्व्हंट नळीतून पुढे वाहील, रिसीव्हरमध्ये आणि दस्त्याच्या लाकडात उतरणार नाही. सॉल्व्हंटने भिजवलेली चिंधी एकदा आरपार काढा आणि दहा-पंधरा मिनिटं थांबा. अमोनियाचं सॉल्व्हंट असेल तर त्याहून जास्त वेळ ठेवू नका, आणि लाकडाच्या पॉलिशवर थेंब पडू देऊ नका. मग ब्रश. दहा वेळा, प्रत्येक वेळी तोंडातून पूर्ण बाहेर येईपर्यंत ढकलायचा. ब्रशची दिशा नळीच्या आत बदलली तर तारा मोडतात आणि ब्रश अडकतो. नंतर कोरड्या चिंध्या.

चिंधीचा रंग वाचायला शिका. काळं म्हणजे दारूची काजळी, निळं-हिरवं म्हणजे तांबं. नळीत टॉर्चने पाहिल्यावर आट्यांच्या (गोळीला फिरकी देणाऱ्या आतल्या खोबणींच्या) कडेला चंदेरी पट्टे दिसले तर ते शिसं. शिसं नुसत्या सॉल्व्हंटने जात नाही. ब्रशला तांब्याच्या तारेचे दोन-तीन वेढे देऊन नळीत फिरवलं की पातळ चंदेरी पापुद्रे बाहेर पडतात.

शिसं वारंवार साचत असेल तर दोष बहुधा गोळी आणि नळी यांच्या मापातल्या तफावतीचा असतो. .४४च्या अनेक जुन्या मार्लिनच्या नळ्यांचा आट्यांच्या तळाचा व्यास .४३१ ते .४३२ इंच भरतो, आणि बाजारातल्या ओतीव शिशाच्या गोळ्या .४२९ किंवा .४३०च्या. गोळी नळीला घट्ट बसत नाही, मागचा गरम वायू तिच्या कुशीने पुढे निसटतो आणि शिसं वितळवून भिंतीला लावतो. शिवाय या रायफलींत बारीक, उथळ मायक्रो-ग्रूव्ह आटे असतात, त्यांना ढिली गोळी धरताच येत नाही. तांब्याच्या कवचाची गोळी वापरली की हा प्रश्न बहुतेक वेळा मिटतो.

.३५७च्या मालकांनी चेंबरकडे वेगळं पाहावं. .३५७च्या रायफलीत .३८ स्पेशल काडतुसं स्वस्त आणि सौम्य म्हणून भरपूर उडवली जातात. .३८ स्पेशलची पितळी नळकांडी १.१५५ इंच, .३५७ची १.२९ इंच. फरक साधारण ३.४ मिलिमीटर. जिथे .३८ची कड संपते तिथपासून पुढे तेवढ्या पट्ट्यात काजळी आणि शिशाची कडक वाळी जमते. मग एके दिवशी .३५७ घातलं की लिव्हर शेवटच्या टप्प्यात जड जाते, आणि उडवल्यावर रिकामं नळकांडं सुटत नाही. लोक एक्स्ट्रॅक्टर (नळकांडं चेंबरमधून ओढून काढणारं नख) बदलतात, दोष मात्र या वाळीचा असतो. .४०चा ब्रश गजाच्या छोट्या तुकड्याला लावा, सॉल्व्हंटमध्ये बुडवा आणि चेंबरमध्ये हाताने गोल फिरवा, वीस-पंचवीस फेरे. ड्रिलला लावू नका. .४४ स्पेशल वापरणाऱ्या .४४ मॅग्नमवाल्यांनाही हेच लागू.

बोल्ट

बोल्टचं तोंड टूथब्रशने घासा. एक्स्ट्रॅक्टरच्या नखाखाली काजळीचा थर बसतो, तो दातकोरणीने काढा. नख सरळ उचलून काढायचा मोह टाळा, वाकलं की पकड गेली.

मार्लिनची फायरिंग पिन (टोपीवर ठोका देणारी सळई) दोन तुकड्यांची आहे. मागचा तुकडा स्प्रिंगने तिरका ढकललेला असतो. लिव्हर पूर्ण बंद झाली, खालून लॉकिंग बोल्ट (मुख्य बोल्टला जागेवर अडकवणारा ठोकळा) वर चढला, तरच तो तुकडा सरळ रेषेत येतो आणि घोड्याचा ठोका पुढच्या तुकड्यापर्यंत पोचतो. बोल्ट अर्धवट बंद असताना बार होऊ नये म्हणून ही रचना आहे. ती घरी खोलू नका. फक्त मागचा तुकडा बोटाने दाबून पाहा, तो मोकळा हलून परत यायला हवा. चिकट वाटला तर सॉल्व्हंटचे दोन-तीन थेंब आत सोडा, झटका, कोरडं होऊ द्या. या खोबणीत तेल मुळीच नको. तेल सुकून डिंकासारखं होतं, थंडीत आणखी घट्ट होतं, ठोका हलका पडतो आणि टोपीवर अर्धवट खळगा उमटतो. असा हलका ठोका दिसला की आधी हीच जागा पाहा, आणि पूर्वीच्या मालकाने घोड्याची स्प्रिंग हलकी बसवली आहे का तेही. दुसरं कारण अगदी साधं असतं: १९८०च्या दशकापासून मार्लिनवर आलेला आडवा सेफ्टी बटण लागलेला असला की घोडा पडतो, खटकन आवाज येतो, पण पिनपर्यंत पोचत नाही.

कॅरियर आणि लिव्हरची नाक: 'मार्लिन जॅम' इथे जन्मतो

या भागावर घाई करू नका. लिव्हर उघडल्यावर काडतूस मॅगझिनमधून कॅरियरवर येतं, लिव्हर बंद होताना कॅरियर वर उचलला जातो आणि काडतूस चेंबरच्या तोंडाशी येतं. कॅरियरला उचलण्याचं काम लिव्हरच्या वरच्या बाजूचं गोगलगाईच्या शंखासारखं वळलेलं टोक करतं. ते टोक कॅरियरच्या खालच्या बाजूवर घासत जातं. टोकाची कड कारखान्यातून धारदार आली असेल, तर प्रत्येक फेरीत ती कॅरियरमध्ये जरा जरा खोबण कापते.

कॅरियरला टॉर्च दाखवा आणि खालच्या बाजूवर नख आडवं फिरवा. नुसता चकचकीत पट्टा असेल आणि नख अडकत नसेल, तर तो रोजच्या वापराचा घासा आहे. नख एखाद्या पायरीत अडकलं, त्या पायरीच्या कडेला पत्र्यासारखी बारीक उचललेली किनार जाणवली, आणि तिथे तेलात मिसळलेला करडा धातूचा भुगा दिसला, तर खोबण पडायला लागली आहे. ती खोल होत गेली की कॅरियरच्या चढ-उताराची वेळ चुकते. तो मॅगझिनचं तोंड वेळेवर अडवत नाही, दुसरं काडतूस अर्धं बाहेर येऊन कॅरियरखाली घुसतं आणि लिव्हर ना उघडते ना मिटते. यालाच जगभरचे मार्लिनवाले 'मार्लिन जॅम' म्हणतात.

जॅम झालाच, तर लिव्हर गुडघ्यावर किंवा टेबलाच्या कडेवर आपटू नका. आत जिवंत काडतूस आहे आणि त्याच्या टोपीवर काय दाबलं जातंय ते दिसत नाही. तोंड सुरक्षित दिशेला, लिव्हरचा स्क्रू काढा, लिव्हर हळूच सोडवा, बोल्ट मागे काढा आणि रायफल उलटी करून काडतुसं हातात पडू द्या. म्हणून रेंजवर जाताना बरोबर बसणारा एक स्क्रूड्रायव्हर पिशवीत ठेवायचाच.

उपाय? लिव्हरच्या टोकाची कड धारदार असेल, पण कॅरियर अजून शाबूत असेल, तर ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने फक्त ती धार मोडा: दोन-चार हलके हात, कोपरा बोटाला टोचेनासा होईपर्यंत. कानस नको. टोकाचा आकार बदलला तर वेळ आणखी चुकते. कॅरियरमध्ये खोबण पडली असेल तर कॅरियर बदलायचा किंवा कारागिराने त्यावर कठीण धातूची पट्टी बसवायची. त्या खोबणीत वेल्डिंग भरून ती घरी कानसून सपाट करणं हा उपाय नव्हे.

मॅगझिन, स्क्रू आणि लाकूड

मॅगझिन नळकांडं दर वेळी काढायची गरज नाही, वर्षातून एकदा पुरे. पुढचं बूच धरणारा स्क्रू काढताना तळहात बुचावर दाबून ठेवा. स्प्रिंग दाबाखाली असते आणि मोकळी झाली की खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाते. आतून कोरड्या चिंधीने पुसा. इथे तेल नको, कारण तेलाला धूळ चिकटते आणि काडतुसाच्या टोपीत तेल झिरपलं तर ती फुसकी निघते. स्प्रिंग बाहेर काढल्यावर नळकांड्यापेक्षा बरीच लांब दिसायला हवी. नळकांड्याइतकीच राहिली असेल तर ती थकली.

.४४च्या धक्क्याने लिव्हर-अ‍ॅक्शनचे स्क्रू ढिले होतात. त्यात लोडिंग गेटचा स्क्रू पहिला. तो सैल झाला की गेट खाली उतरतं आणि काडतूस आत घालताना अडकतं. धाग्यांवरचं तेल पुसून निळ्या थ्रेडलॉकरचा टाचणीच्या डोक्याएवढा थेंब लावा. लाल थ्रेडलॉकर कधीच नको, तो उष्णतेशिवाय सुटत नाही आणि तेवढ्या उष्णतेने झिलई बिघडू शकते. लिव्हरच्या मुख्य स्क्रूला थ्रेडलॉकर लावू नका, तो तर आपल्याला वारंवार काढायचा आहे.

दस्त्याच्या गळ्याशी, रिसीव्हरच्या शेपटीला लाकूड भिडतं तिथे, केसासारखी रेघ दिसते का पाहा. दस्त्याचा स्क्रू ढिला राहिला की प्रत्येक बाराला लाकूड आणि लोखंड एकमेकांवर आपटतात आणि तिथूनच तडा सुरू होतो. स्क्रू घट्ट असू द्या, पण लाकूड दबेल इतका नाही.

वंगण

बहुतेक रायफली तेलाच्या कमतरतेने नव्हे, जास्तीने चिकट होतात. ग्रीस मोहरीएवढं घ्या आणि फक्त घासणाऱ्या जागांवर बोटाने पसरा: लॉकिंग बोल्टच्या दोन्ही कुशी, लिव्हरचं शंखासारखं टोक, कॅरियरला ते घासतं ती जागा, आणि बोल्टचा खालचा पृष्ठभाग जिथे घोडा त्याच्यावरून घसरतो. बोल्टच्या बाजूंना तेलाचा एक-एक थेंब, लिव्हरच्या स्प्रिंगवाल्या खुंटीला एक थेंब. चेंबर आणि नळी मात्र बार करण्याआधी कोरड्या असाव्यात. बाहेरच्या लोखंडाला तेलाची हलकी चिंधी फिरवली की काम झालं.

कोकणासारखी दमट हवा असो की ह्यूस्टनचा उन्हाळा, रायफल चामड्याच्या म्यानात साठवू नका. चामडं ओल धरून ठेवतं आणि म्यानाच्या आकारात गंज उमटतो.

पुन्हा जोडणी

घोडा पूर्ण चढवा. इजेक्टरची खुंटी डाव्या भिंतीतल्या छिद्रात बसवा आणि बोटाने दाबून धरा. बोल्ट मागून आत सरकवा. तो इजेक्टरवर चढला की बोट काढता येतं, आता बोल्टच इजेक्टरला धरून ठेवतो. बोल्ट पुढे जात नसेल तर जोर लावू नका. दहातल्या नऊ वेळा इजेक्टर छिद्रातून निसटलेला असतो. बोल्ट पुन्हा मागे घ्या, इजेक्टर परत बसवा.

बोल्ट साधारण अर्धा मागे ठेवा आणि कॅरियर खाली असू द्या. लिव्हर खालून घाला. तिचं टोक बोल्टच्या खाचेत शिरलं पाहिजे. ते शिरल्यावर लिव्हर थोडी पुढे-मागे हलवून पाहा, बोल्ट तिच्याबरोबर सरकला तर जागेवर बसली. स्क्रूचं छिद्र समोरासमोर आणा, स्क्रू आधी बोटांनीच फिरवा आणि मग बिटने घट्ट करा. पहिल्या दोन फेऱ्यांतच अडला तर स्क्रूचे आटे आडवे लागतायत, थांबा.

चाचणी

बनावट काडतुसं, म्हणजे स्नॅप कॅप, पाच-सहा घ्या. खरी काडतुसं या चाचणीत कधीच नकोत. लिव्हर पूर्ण उघडून पूर्ण बंद करत, सलग, ठामपणे मारा. फार हळू मारली तर काडतूस कॅरियरवरून खाली घसरतं आणि वाटतं की रायफल अडकली. मग लिव्हर बंद करून, घोडा अर्ध्यावर ठेवून चाप जोराने ओढा, घोडा पडता कामा नये. लिव्हर मुठीत न दाबता, किंचित उघडी ठेवून चाप ओढून पाहा, तेव्हाही पडता कामा नये. यातली एकही गोष्ट चुकली तर रायफल कारागिराकडे जाते. घोडा आणि सीअर यांना घरी हात लावायचा नाही.

पहिल्या वीस-तीस बारांनंतर रिकामी नळकांडी तपासा. टोपी बाहेर डोकावत असेल किंवा नळकांडं बुडाशी फुगलं असेल तर बार थांबवा. या काडतुसांची बैठक, म्हणजे चेंबरमध्ये ती किती खोल बसतात ते, बुडाच्या कडेच्या जाडीवर, म्हणजे .०६० इंचावर ठरते. तिचं माप गेजनेच घ्यावं लागतं.

मॅगझिन नळकांड्याची आहे, म्हणून एका काडतुसाची गोळी पुढच्या काडतुसाच्या टोपीला टेकलेली असते. टोकदार कडक गोळी घातली तर धक्क्याने पुढची टोपी फुटू शकते. सपाट नाकाची गोळी, किंवा लिव्हर-अ‍ॅक्शनसाठीच बनवलेली मऊ लवचिक टोकाची गोळी, एवढ्याच चालतात. .३८ची पूर्ण सपाट वॅडकटर सुरक्षित असली तरी बहुतेक रायफलींत ती नीट चढत नाही.

.३५७ची .४४ करता येईल का?

प्रश्न येतोच, कारण बाहेरून दोन्ही रायफली सारख्याच दिसतात. आत मात्र जवळजवळ काहीच सारखं नाही. गोळीचा व्यास .३५७वरून .४२९वर जातो, म्हणून नळी वेगळी. काडतुसाची कड .४४० इंचावरून .५१४वर जाते, म्हणून बोल्टचं तोंड आणि एक्स्ट्रॅक्टर वेगळे. जाड काडतूस उचलायला कॅरियर वेगळा, ते मावायला मॅगझिन नळकांडं आणि फॉलोअर वेगळे, आत घालायला लोडिंग गेट वेगळं. बोल्टचं तोंड मोठं केलं की उरलेल्या भिंती पातळ होतात, आणि त्या भिंतींमागे ३६,००० पीएसआयपर्यंतचा (दर चौरस इंचाला पौंड) दाब असतो. एवढे भाग विकत घेऊन, परवानाधारक गनस्मिथकडून बसवून, गेजने तपासून, नळीवर नवं कॅलिबर कोरून घ्यायचा खर्च बहुधा .४४ची तयार रायफल घेण्याहून जास्त होतो. भारतात कलम ५ मुळे हे घरी करणं गुन्ह्यात मोडतं. .४४ हवी असेल तर .४४च घ्या.

पहिल्या रेंजनंतर, रायफल पूर्ण गार झाल्यावर, सगळे स्क्रू पुन्हा एकदा बिटने पाहा. थ्रेडलॉकर लावलेला स्क्रू हलला नाही पाहिजे. लिव्हरचा स्क्रू चतुर्थांश फेरी ढिला झालेला सापडतो, तो परत बसवा. आणि त्याच वेळी कॅरियरवर नख पुन्हा एकदा फिरवा.